गोडसर जर्मन रीस्लिंग: पहिली बाटली कशी निवडावी, कशी प्यावी आणि कशासोबत

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. दुकानात वाइनच्या फळीसमोर उभं राहिलं की बाटल्याच बाटल्या दिसतात, लेबलांचा अर्थ लागत नाही, मग उचलायचं काय? माझं उत्तरही ठरलेलं आहे. मोझेल नदीकाठची रीस्लिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन घ्या, आणि ती ड्राय घेऊ नका, किंचित गोडसर घ्या.

हे ऐकलं की समोरचा जरा साशंक होतो. गोड वाइन शिकाऊ लोकांची, जाणकार फक्त ड्राय पितात, असं कुणीतरी त्याच्या मनात भरवलेलं असतं. खुद्द जर्मन लोकही आज ड्रायकडे जास्त वळलेत, त्यामुळे ऑफिसातला एखादा सहकारी नाक मुरडण्याचीही शक्यता आहे. तरी मी ठामपणे सांगेन की गोडसर रीस्लिंग ही जर्मनीने जगाला दिलेली सर्वात अस्सल वाइन आहे. अडचण एवढीच की तिच्याच शेजारी त्याच फळीवर पाणचट, नुसतीच गोड वाइनही उभी असते. दोन्हींतला फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

आधी हे समजून घ्या: गोडवा एकटा मोजायचा नसतो

वाइनमधली साखर म्हणजे द्राक्षाच्या रसातली, आंबवताना शिल्लक राहिलेली साखर. यीस्ट ती खात जातं आणि अल्कोहोल तयार होत जातं. सगळी खाऊन संपली की वाइन ड्राय. थोडी उरली की गोडसर. पण लिटरमागे किती ग्रॅम साखर उरली या आकड्यावरून चव कळत नाही, कारण जिभेला साखर आणि आम्ल एकत्रच लागतं.

कैरीच्या पन्ह्यात आपण गूळ किंवा साखर काही कमी घालत नाही. तरी पन्हं गोडमिट्ट लागत नाही, कारण कैरी तिला पुरून उरते. कैरी आंबट नसेल तर तेवढीच साखर तोंडाला चिकटते. मोझेलच्या रीस्लिंगचं गणित हेच आहे. तिच्यात लिटरमागे साधारण 7 ते 9 ग्रॅम आम्ल असतं, जे वाइनच्या मानाने बरंच आहे. त्यामुळे 40 ग्रॅम साखर असलेली बाटलीही तोंडात गेल्यावर आधी ताजी लागते, मग फळाची गोडी जाणवते, आणि घोट गिळल्यावर जीभ स्वच्छ राहते. बाजारातल्या कोलात लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त साखर असते, हे लक्षात घेतलं तर 40 ची धास्ती राहणार नाही.

हे आम्ल येतं कुठून, तर थंडीतून. मोझेलचं खोरं उत्तर अक्षांश 50 च्या आसपास आहे, द्राक्षशेतीच्या उत्तर टोकाजवळ. रीस्लिंग हे उशिरा पिकणारं वाण. सप्टेंबर–ऑक्टोबरच्या सौम्य उन्हात ते सावकाश पिकतं, सुगंध भरत जातो, पण आम्ल उतरून जात नाही. उन्हाची कसर भरून काढायला नदीकाठचे दक्षिणेकडे तोंड केलेले तीव्र उतार आहेत आणि त्यावर पसरलेली पाटीच्या दगडाची काळी-निळी खपली, जी दिवसा तापते आणि रात्री ती ऊब वेलींना देते. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट उतार काही ठिकाणी 60 अंशांहून जास्त उभा आहे. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. माणसं एकाच रुळावर चालणाऱ्या छोट्या गाडीने वर जातात आणि बाकीचं सगळं हाताने करतात. बाटलीची किंमत बघताना हे आठवावं.

पूर्वी साखर शिल्लक राहायची तीही थंडीमुळेच. तळघरात हिवाळा शिरला की यीस्ट सुस्तावायचं आणि आंबणं मध्येच थांबायचं. आता बागायतदार टाकी थंड करून, गाळून, हवा त्या क्षणी ते थांबवतात. तो क्षण कुठला, हे चाखून ठरवण्यातच त्यांचं कसब आहे. दुसरी रीत म्हणजे वाइन पूर्ण आंबू द्यायची आणि शेवटी राखून ठेवलेला न आंबलेला द्राक्षरस तिच्यात मिसळायचा. कायद्याने ती चालते, पण पहिल्या रीतीने केलेल्या वाइनमध्ये गोडी आतून आलेली जाणवते. माझा कौल तिलाच.

लेबलवरचे शब्द: आधी चवीचे, मग पिकलेपणाचे

इथे सगळे गोंधळतात, म्हणून सावकाश जाऊ. लेबलवर दोन वेगळ्या जातीचे शब्द असतात आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

पहिली जात चवीची. 'ट्रोकन' म्हणजे ड्राय: साखर 4 ग्रॅमपर्यंत, आणि आम्ल पुरेसं असेल तर 9 ग्रॅमपर्यंत. 'हाल्बट्रोकन' म्हणजे त्याच्या पुढची पायरी: 12 ग्रॅमपर्यंत, आणि आम्लाच्या प्रमाणात 18 पर्यंत. या दोन्ही मर्यादा आम्लाशी बांधलेल्या आहेत, म्हणजे वर सांगितलेलं गणित कायद्यानेही मान्य केलंय. त्यापुढे 45 ग्रॅमच्या आत 'लीबलिश' आणि 45 पासून पुढे 'झ्यूस', म्हणजे सरळ गोड.

आणि या सगळ्यांच्या मध्ये एक शब्द आहे जो तुम्हाला सर्वात जास्त दिसेल: 'फाइनहेर्ब'. याची कायद्यात व्याख्या नाही. बागायतदार तो हाल्बट्रोकनच्या जागी किंवा त्याहून थोड्या गोड वाइनला लावतात, कारण हाल्बट्रोकन हा शब्द ग्राहकांना नीरस वाटतो. व्याख्या नसली तरी चांगल्या बागायतदाराच्या हातून आलेली फाइनहेर्ब रीस्लिंग ही पहिल्या बाटलीसाठी अगदी योग्य निवड आहे. गोडी जाणवते न जाणवते इतकीच असते, आणि जेवणासोबत ती कुठेही आडवी येत नाही.

दुसरी जात पिकलेपणाची: काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे आणि त्यापुढच्या पायऱ्या. 1971 च्या वाइन कायद्याने त्या आजच्या रूपात बसवल्या. काढणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात किती साखर होती, एवढंच त्या सांगतात. वाइन गोड आहे की नाही हे सांगत नाहीत. म्हणूनच 'श्पेटलेझे ट्रोकन' अशी बाटली मिळते: द्राक्षं चांगली पिकलेली होती, पण सगळी साखर आंबवून टाकली. नवखा माणूस श्पेटलेझे म्हणजे गोड असं ऐकून ती उचलतो आणि पहिल्या घोटाला दचकतो. मोझेलच्या बाटलीवर काबिनेट किंवा श्पेटलेझे लिहिलंय आणि पुढे ट्रोकन किंवा फाइनहेर्ब काहीच नाही, तर बहुतेक वेळा ती गोडसर किंवा गोड असते. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. खात्री करण्याचा उपाय पुढे आहे.

श्पेटलेझे या शब्दाचा अर्थच उशिराची काढणी. त्याची एक गोष्ट ऱ्हाइनकाठच्या राइनगाउ प्रदेशात आजही आवडीने सांगतात. योहानिसबेर्गच्या मळ्याची मालकी फुल्डाच्या धर्माधिकाऱ्यांकडे होती आणि काढणीची परवानगी तिथून घोडेस्वाराने आणावी लागे. 1775 साली स्वाराला यायला उशीर झाला, तोवर द्राक्षं वेलीवर सुरकुतली, बुरशीही धरली. तरी त्यांची वाइन केली, आणि ती अप्रतिम निघाली. त्या स्वाराचा पुतळा योहानिसबेर्गच्या अंगणात उभा आहे.

अल्कोहोलचा आकडा वाचा

लेबलवरचं जर्मन अजिबात कळलं नाही तरी एक आकडा सगळ्यांना वाचता येतो, आणि तो कायद्याने छापावाच लागतो. अल्कोहोलची टक्केवारी. माझ्या मते नवख्यासाठी संपूर्ण लेबलवरची ही सर्वात उपयोगी गोष्ट आहे.

एक उदाहरण सोडवून बघू. जर्मनीत रसातली साखर ओक्सले अंशात मोजतात. 80 ओक्सले म्हणजे एक लिटर रसाचं वजन 1080 ग्रॅम, पाण्यापेक्षा 80 ग्रॅम जास्त. नाशिककडे ब्रिक्स मोजणाऱ्यांसाठी सांगायचं तर हे साधारण 19 ब्रिक्स झालं. एवढी साखर पूर्ण आंबली तर सुमारे 10.6 टक्के अल्कोहोल होतं. आता समजा बाटलीवर 8 टक्के लिहिलंय. म्हणजे 2.6 टक्के अल्कोहोल होण्याइतकी साखर आंबलीच नाही. एक टक्का अल्कोहोलला लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर लागते, म्हणजे बाटलीत लिटरमागे 44 ग्रॅमच्या आसपास साखर शिल्लक आहे. लेबलवर कुठेही लिहिलेलं नसताना तुम्ही ती काढलीत.

दुकानात उभ्याउभ्या एवढं गणित करायची गरज नाही. रीस्लिंगवर 7.5 ते 9 टक्के दिसले तर ती स्पष्ट गोडसर आहे. 10 ते 11.5 दिसले तर फाइनहेर्ब किंवा त्याच्या आसपासची. 12 आणि त्यावर दिसले तर जवळपास नक्की ड्राय. हा ठोकताळा रीस्लिंगपुरताच वापरा. दुसऱ्या वाणांना आणि दुसऱ्या देशांना तो लागू पडेलच असं नाही.

कमी अल्कोहोलचा आणखी एक फायदा उघड आहे. 8 टक्क्यांची वाइन दुपारच्या जेवणासोबतही जड होत नाही. गाडी चालवणार असाल तर मात्र कितीही हलकी असली तरी हिशेब ठेवा: जर्मनीत मर्यादा रक्तात 0.5 प्रोमिल (हजारात अर्धा भाग) अल्कोहोल इतकी आहे आणि नवं लायसन्स परीक्षाकाळात असलेल्यांना शून्य.

कुठली नदी, कुठला उतार

जर्मनीत वाइनचे अधिकृत 13 प्रदेश आहेत. सुरुवातीला चारच लक्षात ठेवले तरी चालेल.

मोझेल सर्वात आधी. तिच्या मुख्य खोऱ्यासोबत झार आणि रुवर या उपनद्यांची खोरीही याच नावात मोडतात. इथली वाइन हलकी, सुगंधी, हिरव्या सफरचंदाची आणि लिंबाच्या सालीची आठवण देणारी. झार आणखी थंड, त्यामुळे तिथली वाइन जास्त कडक आणि धारदार. मला ती सर्वात प्रिय आहे, पण पहिल्या बाटलीला देणार नाही. नाहे नदीकाठची वाइन मोझेल आणि ऱ्हाइन यांच्या मधोमध बसते. राइनगाउची अंगाने भरलेली, आणि फाल्ट्स सर्वात उबदार, तिथे आज बहुतांश ड्रायच करतात.

रीस्लिंगची पहिली लेखी नोंद राइनगाउच्या पलीकडे, माइन नदीकाठच्या रुसेल्सहाइम गावातली आहे. 1435 सालच्या एका हिशेबात वेलींची खरेदी लिहिलेली आहे. मोझेलवर तिचं राज्य यायला बराच काळ जावा लागला. 1787 मध्ये मोझेलकाठच्या ट्रियरचे शासक-आर्चबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी हलक्या वाणांच्या वेली उपटून चांगल्या लावण्याचा हुकूम काढला, आणि पुढे त्या उतारांवर रीस्लिंग पसरली. वाइन मात्र तिथे रोमन काळापासून आहे. नोयमागेन गावात सापडलेलं, पिंप वाहणाऱ्या जहाजाचं दगडी शिल्प ट्रियरच्या संग्रहालयात बघायला मिळतं. तिसऱ्या शतकातलं आहे. ट्रियरला गेलात तर चुकवू नका.

लेबलवर गाव आणि उताराचं नाव असेल तर ते जपून वाचा. 'वेलेनर झोनेनउर' म्हणजे वेलेन गावचा तो उतार, जिथे 1842 साली योडोकुस प्र्युम यांनी खडकावर सूर्यघड्याळ बसवलं. 'उर्त्सिगर व्युर्त्सगार्टन' लाल मातीचा, त्याच्या वाइनला मसाल्यासारखा सुगंध. 'श्लोसबेर्ग', 'गोल्डट्र्योप्फशेन', 'शार्त्सहोफबेर्ग' हीही नावं भेटतील. एक सापळा मात्र सांगून ठेवतो. 'पीस्पोर्टर गोल्डट्र्योप्फशेन' हा खरा, एकसंध, नावाजलेला उतार आहे. 'पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग' हे मात्र आसपासच्या अनेक गावांच्या सपाट जमिनींना मिळून दिलेलं मोठं नाव. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही, आणि दुसरी निम्म्या किमतीत मिळते. जर्मन गोडसर वाइनचं नाव परदेशात ज्या स्वस्त बाटल्यांनी खराब केलं, त्यांच्या मागे हाच प्रकार होता: सपाट जमीन, भरमसाट उत्पन्न, आम्ल नसलेली द्राक्षं आणि वरून गोडी.

म्हणून उतारापेक्षाही बागायतदाराचं नाव जास्त भरवशाचं. मोझेलवर डॉक्टर लोझेन, योह. योस. प्र्युम, झेल्बाख-ओस्टर, फ्रित्स हाग, विली शेफर, झारवर त्सिलिकेन, नाहेवर द्योनहोफ, राइनगाउत रोबेर्ट वाइल आणि लाइट्स. यांतल्या कुणाचीही सर्वात साधी बाटली घेतलीत तरी फसणार नाही. झाकणावर द्राक्षाचा घड धरलेला गरुड दिसला तर बागायतदार 'फाउ-डे-पे' या जुन्या संघाचा सभासद आहे. संघ 1910 मध्ये स्थापन झाला आणि त्याचे नियम कायद्याहून कडक आहेत. लेबलवर 'गुट्सआबफ्युलुंग' लिहिलेलं असेल तर वाइन त्याच मळ्यात बाटलीबंद झालीय. हीसुद्धा चांगली खूण.

पहिली खरेदी

एक बाटली घेऊ नका, दोन घ्या. एक रीस्लिंग ट्रोकन आणि एक गोडसर काबिनेट, शक्यतो एकाच बागायतदाराच्या आणि एकाच वर्षाच्या. शेजारी ठेवून प्यायल्याशिवाय गोडीचं काम नेमकं काय आहे ते कळत नाही.

चांगल्या बागायतदाराची काबिनेट जर्मनीत साधारण 10 ते 20 युरोंत येते. गाजलेल्या नावांची त्याहून महाग. सुपरमार्केटातही बरी फाइनहेर्ब मिळते, पण वाइनच्या दुकानात गेलात तर दुकानदार चाखायला देतो आणि जेवायला काय आहे ते विचारतो. लाजू नका. मोडक्या जर्मनमध्ये 'काबिनेट, मोझेल, गोडसर' एवढं जरी सांगितलं तरी तो खूश होतो, कारण ड्राय मागणाऱ्यांच्या गर्दीत हे मागणारा गिऱ्हाईक क्वचित येतो.

वर्ष फार बघू नका. एकच सूत्र: थंड वर्षांची काबिनेट जास्त चटपटीत, गरम वर्षांची जास्त गुबगुबीत. 2021 थंड होतं, तेव्हाच्या बाटल्या अजून दिसल्या तर जरूर घ्या. हवामान तापत चाललंय, द्राक्षं लवकर आणि जास्त पिकू लागली आहेत, आणि अस्सल हलकी काबिनेट करणं बागायतदारांना पूर्वीपेक्षा अवघड झालंय. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

उघडणं, ओतणं, चाखणं

बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं. बूच नाही म्हणून वाइन हलकी समजू नका. सुगंध जपायला ते उत्तम.

वाइन 8 ते 10 अंशांवर असावी. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवली की साधारण बरोबर येते. बर्फासारखी गार केली तर सुगंध मिटतो आणि फक्त आंबटपणा उरतो. कोमट झाली तर गोडी वर येते आणि चव सैल पडते. बर्फाचा खडा टाकू नका. ग्लास साधा, वर थोडा निमुळता, एक तृतीयांशच भरलेला.

आधी नुसता वास घ्या. तरुण मोझेल रीस्लिंगला कधीकधी नुकत्याच विझवलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास येतो. द्राक्षावरच्या नैसर्गिक यीस्टने आंबवलेल्या वाइनमध्ये हे बऱ्याचदा होतं. बाटली खराब नाही. ग्लास फिरवत राहा, अर्धा तास द्या, वास उडून जातो आणि खालून पीच, हिरवं सफरचंद, कधी फुलांचा सुगंध वर येतो. जुन्या बाटलीत थोडा रॉकेलकडे झुकणारा वास येतो तोही या वाणाचाच, वयाबरोबर वाढणारा. काहींना तो अजिबात चालत नाही, काही त्याच्यासाठीच जुन्या बाटल्या शोधतात.

मग छोटा घोट घ्या आणि लगेच गिळू नका. जिभेवर आधी गोडी येईल, आणि दुसऱ्याच क्षणी गालांच्या आतल्या बाजूला पाणी सुटेल. ते पाणी आम्लामुळे सुटतं. गिळल्यावर मनात मोजा: गोडी आधी जाते की आंबटपणा? चांगल्या काबिनेटमध्ये गोडी आधी विरते, आंबटपणा आणि किंचित खारट, दगडी म्हणावी अशी चव मागे राहते, आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो. गोडी शेवटपर्यंत जिभेवर बसून राहिली तर त्या बाटलीत आम्ल कमी आहे. पुन्हा घेऊ नका.

आता ट्रोकनचा घोट घ्या. तीच द्राक्षं, तोच दगड, पण चव उभी, अरुंद, कडक वाटेल. मग परत काबिनेटकडे या. फळाचा सुगंध साखरेमुळे किती मोकळा होतो ते तेव्हा कळतं.

ताटात काय

जर्मन स्वयंपाकात तिची जागा ठरलेली आहे: धुरावलेला ट्राउट मासा, डुकराचं मांस, आणि वसंतात पांढऱ्या शतावरीचं, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचं पीक आलं की बटरच्या सॉससोबत ती. शतावरीचा मोसम 24 जूनला संपतो, तोवर फाइनहेर्बचा खप जोरात असतो.

पण मराठी घरात ही वाइन आणायचं खरं कारण वेगळं आहे. तिखट. अल्कोहोल जास्त असलं की मिरचीचा जाळ वाढतो. 14 टक्क्यांची रेड वाइन झणझणीत कालवणासोबत घेतली तर तोंड पेटतं आणि वाइन कडू लागते. इथे अल्कोहोल 8–9 टक्के, वर थोडी साखर जी तिखट शांत करते, आणि आम्ल जे तेल-नारळ कापतं. तिन्ही गोष्टी आपल्या जेवणाच्या बाजूने उभ्या राहतात.

बटाटेवडा आणि लसणाची चटणी, कोथिंबीरवडी, सुरमईचा तुकडा रव्यात तळलेला: या सगळ्यांसोबत काबिनेट घ्या. तळणाचा तुपकटपणा एका घोटात निघून जातो. नारळाच्या दुधातलं कोळंबीचं कालवण ही माझ्या मते सर्वात सुंदर जोडी. नारळाची आणि वाइनची गोडी एकमेकींना ओळखतात आणि कोकमाच्या आंबटपणाला रीस्लिंगचं आम्ल पुरतं. आमसूल किंवा चिंच घातलेल्या पदार्थासमोर कमी आम्लाची वाइन पाण्यासारखी वाटते, रीस्लिंग टिकते. तांबडा रस्सा किंवा मालवणी मटण असेल तर काबिनेट कमी पडेल, तिथे एक पायरी वर चढून गोड श्पेटलेझे आणा. वरण-भात-तुपासोबत फाइनहेर्ब छान जाते.

कुठे जमत नाही तेही सांगतो. श्रीखंड, पुरणपोळी, गुलाबजाम यांच्यासमोर काबिनेट ठेवू नका. वाइन पदार्थाहून गोड नसेल तर ती आंबट आणि किरकोळ लागते. गोडाच्या ताटाला आउसलेझेच्या वरची बाटली लागते आणि ती महाग असते. त्यापेक्षा वाइन जेवणासोबत संपवून गोड नुसतं खावं. कारल्याची भाजी आणि भरपूर मेथी असलेल्या पदार्थांसोबतही माझं मत प्रतिकूल आहे.

उरलेली बाटली आणि जुनी बाटली

उघडलेली काबिनेट झाकण लावून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस सहज टिकते. आम्ल आणि साखर दोन्ही तिला सांभाळतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागली तर नवल वाटू देऊ नका.

तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते द्राक्षातल्याच आम्लाचे स्फटिक आहेत, निरुपद्रवी. हलक्या हाताने ओतलं की तळाशीच राहतात.

आणि जमलं तर दोन-तीन बाटल्या अंधाऱ्या, गार जागी ठेवून विसरून जा. एवढी हलकी वाइन दहा वर्षं आणि त्याहून जास्त टिकते हे सुरुवातीला पटत नाही. वय झालं की साखर कमी होत नाही, पण गोडी आत मुरते. वाइन प्यायला जवळपास ड्राय वाटू लागते, आणि मध, सुकवलेली जर्दाळू, मेण असे सुगंध येतात.

मळ्यात जा

एकदा तरी खोऱ्यात जाऊन प्या. कोब्लेन्झ ते ट्रियर रेल्वे आहे, कोखेम वाटेतच. बेर्नकास्टेलला रेल्वे नाही, विटलिशला उतरून बस घ्यावी लागते. फ्रँकफर्टकरांना एका दिवसात उरकायचं असेल तर राइनगाउतलं र्युडेसहाइम जवळ पडतं.

मळ्यात वाइन चाखायला जायचं तर आधी फोन किंवा ईमेल करून वेळ घ्या. बरेचसे मळे म्हणजे एका कुटुंबाचं घर असतं, आणि काढणीच्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ड्रायपासून गोडाकडे अशा क्रमाने ओततात. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं अजिबात असभ्य नाही. चाखून झाल्यावर दोन-चार बाटल्या विकत घ्याव्यात, ही रीत पाळा.

वेळ न घेता जायचं असेल तर 'श्ट्राउसविर्टशाफ्ट' शोधा. बागायतदार वर्षातले फार तर चार महिने स्वतःच्या अंगणात किंवा कोठारात मोजक्या 40 खुर्च्या मांडून आपली वाइन आणि साधं खाणं विकतो. दारावर झाडाची डहाळी किंवा झाडू टांगलेला असतो. तिथे काबिनेटचा ग्लास रेस्टॉरंटपेक्षा स्वस्त मिळतो, आणि ओतणारा माणूस तोच असतो ज्याने द्राक्षं खुडली. शरद ऋतूत गेलात तर 'फेडरवाइसर' मिळेल, अजून आंबत असलेला गढूळ, गोड रस, कांद्याच्या केकसोबत. घरी आणताना बाटली उभीच ठेवा आणि झाकण घट्ट करू नका. आत वायू तयार होत असतो.

भारतात नेताना

भारतात आयात वाइनवर कर जबर आहे, त्यामुळे 12 युरोंची काबिनेट मुंबई-पुण्यात मिळालीच तर कितीतरी महाग पडते, आणि निवडही तुटपुंजी. गोव्यात राज्याचा कर कमी असल्याने जरा बरं. नाशिकला सुलाही रीस्लिंग करते. ती घेऊन बघायला हरकत नाही, पण नाशिकच्या उन्हात पिकलेल्या द्राक्षाकडून मोझेलच्या आम्लाची अपेक्षा करू नका, ती वेगळी वाइन आहे.

सुट्टीवर जाताना स्वतः नेणं सर्वात सोपं. प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या आरामात. मोझेलच्या बाटल्या उंच असतात, छोट्या बॅगेत आडव्या मावत नाहीत, तेव्हा मोठ्या बॅगेच्या मधोमध कपड्यांत गुंडाळून ठेवा. आणि पोहोचल्यावर लगेच उघडू नका. प्रवासानंतर आठवडाभर गार जागी उभ्या ठेवा, मे महिना असेल तर सरळ फ्रिजमध्ये.